साहेबांनी पाठवलेला कप

शहापूर तालुक्यात कारखाने आले तसे कामगारांचं कौतुक करायचे नाना प्रकारही आले. कुठे दिवाळीला स्टीलचा डबा मिळे, झाकणावर कंपनीचं नाव ठोकलेलं, म्हणजे जावेने उसना नेला तरी ओळखता यावा. कुठे पाच वर्षं भरली की किल्ल्यांची साखळी मिळे, मग घराला कुलूप असो की नसो. सुरक्षा सप्ताहात छातीवर बिल्ला, सव्वीस जानेवारीला नोटीस बोर्डावर टाइप केलेलं नाव, तेही निम्म्या वेळा चुकलेलं. वाशिंदच्या अलीकडे हायवेला लागून पुठ्ठ्याची खोकी करणारा एक कारखाना होता, तिथेही हे सारं व्हायचं. पण तिथल्या जुन्या माणसांना आज विचारा. डबा, साखळी, बिल्ला यांतलं ते काही सांगणार नाहीत. मान ताठ करून एवढंच म्हणतील, की मला कप मिळाला होता.

हा कप म्हणजे चहाचा कप, बशीसकट. आणि त्याची खरी हकीकत फक्त आपल्यालाच ठाऊक आहे, असं सापगावची चिमाबाई समजत होती.

चिमाबाई त्या कारखान्यात चहा द्यायची. सकाळी दहाला एकदा, दुपारी तीनला एकदा, किटली आणि पेल्यांची जाळी घेऊन ती सगळ्या खात्यांतून फिरायची. कामगारांना चहा स्टीलच्या पेल्यात आणि वर केबिनमध्ये साहेबांना आणि त्यांच्या पाहुण्यांना पांढऱ्या कपात. निळ्या काठाचे ते सहा कप वेगळ्या फळीवर असत आणि त्यांना हात फक्त चिमाबाईने लावायचा असा कॅन्टीनच्या कंत्राटदाराचा नियम होता. ती स्वतः त्या कंत्राटदाराची माणूस, म्हणजे कंपनीच्या मस्टरवर तिचं नाव नाही. दिवाळीचा डबा परमनंट लोकांना मिळायचा, तिला नुसती सोनपापडी.

कपाची सुरुवात मात्र साहेबांनीच केली, तेवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. मॅनेजरचं आडनाव मोडक. कारखान्यात मशीन बंद पडलं की मोडकसाहेब येऊन गेले वाटतं, असा विनोद रोज व्हायचा आणि रोज नवा असल्यासारखं सगळे हसायचे. नव्वद साली पुठ्ठ्याचं मोठं मशीन सलग दोन दिवस बंद पडलं. मुंबईहून यायचा माणूस येईना. तेव्हा बाळाराम नावाच्या फिटरने जुन्या भंगारातून एक भाग शोधला, घासूनपुसून बसवला आणि मशीन चालू केलं. साहेबांनी त्याला वर बोलावलं, खुर्चीवर बसवलं आणि चिमाबाईला चहा सांगितला. तिने सवयीने पेला आणला. साहेब म्हणाले, पेला नको, माझ्यासारखा कपात आणा. बाळारामने दोन्ही हातांनी बशी धरली आणि चहा प्यायला. तो खाली उतरायच्या आत साऱ्या कारखान्यात बातमी झाली होती, की बाळारामला कप मिळाला.

बातमी तिथेच थांबली असती तर बरं होतं. ती संध्याकाळी बाळारामच्या आधी त्याच्या वाड्यात पोचली. कप म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे क्रिकेटच्या सामन्यात मिळतो तो कप आला. चुलत्याने बाबासाहेबांच्या फोटोखालची फळी पुसून मोकळी केली, कुणी हार आणला, शेजारणी पोरं घेऊन बघायला आल्या. बाळाराम दारात येताच चुलत्याने विचारलं, "कप कुठाय?" बाळाराम म्हणाला, "पिलो की." पुढे सहा महिने वाड्यातल्या लोकांनी त्याला सुखाने जेवू दिलं नाही. पण कारखान्यात तो शब्द रुजला तो रुजलाच.

साहेबांनी तीन वर्षांत चार जणांना कप दिले. मग मोठ्या ऑफिसच्या मीटिंगा वाढल्या, साहेब मुंबईच्या फेऱ्यांत अडकले आणि कपाचं विसरून गेले. माणूस मनाचा वाईट नव्हता. पण केबिनच्या काचेतून कारखाना जेवढा दिसतो तेवढाच त्यांना दिसायचा.

चिमाबाईला मात्र सगळा दिसायचा. चहा देणाऱ्या बाईसमोर कुणी काही लपवत नाही. कोण काम करतो आणि कोण काम करताना दिसतो, कोण दुसऱ्याचं ओझं न बोलता उचलतो, कुणाचं मशीन पुसलेलं असतं, हे तिला किटलीच्या दोन फेऱ्यांत कळून जायचं. आपलं मत विचारतो कोण, म्हणून ती ते स्वतःशीच ठेवायची.

त्र्याण्णव साली लडकूचं प्रकरण झालं. लडकू मुरबाडकडचा, टोकावड्याच्याही पलीकडे डोंगराला टेकलेल्या गावचा. वाशिंदला खोली घेऊन राहायचा आणि दिवसाकाठी दहा वाक्यं बोलला तर खूप. त्याचं काम खळ शिजवायचं. पुठ्ठ्याचे थर एकमेकांना चिकटतात ते मक्याच्या पिठाच्या खळीने. खळ बिघडली की खोकं आठ दिवसांत उलतं. लडकू बोटांवर खळ घ्यायचा, अंगठ्याने चोळायचा, डोळे मिटून क्षणभर थांबायचा आणि मग मान हलवायचा. त्याने मान हलवली की मशीन सुरू.

त्या दिवशी मशीन चालू असतानाच त्याने नव्या पोत्यातल्या पिठाची खळ चोळली आणि मान हलवायच्या ऐवजी खळीचा नळच बंद केला. सुपरवायझर धावत आला. पीठ खराब आहे, माल सुटेल, असं लडकू म्हणाला. सुपरवायझरने साऱ्या खात्यासमोर त्याला असं काही फैलावर घेतलं, की पलीकडच्या बायकांनी हातातली सुतळी खाली ठेवली. अंगठेबहाद्दर मला शिकवतो का, असंही तो बोलला. लडकू गोणपाटाला हात पुसत खाली बघत उभा राहिला. चिमाबाई किटली घेऊन तिथेच होती.

तिसऱ्या दिवशी, लडकूने नळ बंद करायच्या आधी त्या पिठावर निघाला होता तेवढा पुठ्ठा आपोआप सुटून पडला. सुपरवायझरने तो गुपचूप मागच्या शेडमध्ये टाकला, उरलेली पोती परत पाठवली आणि वर काही कळू दिलं नाही. लडकूमुळे अख्खी ऑर्डर वाचली होती. त्याला मात्र कुणी बरोबर म्हटलं नाही की चूक म्हटलं नाही. दोन दिवस त्याचा चहाचा पेला तसाच गार होऊन परत आला. चिमाबाईला तो पेला ओतून टाकताना फार वाईट वाटलं.

साहेबांना सांगावं म्हणून ती वर गेली. ट्रेमध्ये दोन कप होते, एक साहेबांचा आणि एक पाहुण्याचा. पाहुणा निघून गेला होता आणि साहेब फोनवर होते. तिने "साहेब, तो लडकू" एवढं म्हटलं, तर त्यांनी हातानेच खूण केली, ठेवा. तिने एक कप ठेवला. दुसरा ट्रेमध्येच राहिला. तो घेऊन ती जिना उतरली, कॅन्टीनकडे न वळता सरळ खळीच्या टाकीपाशी गेली आणि लडकूसमोर ट्रे धरला.

"साहेबांनी पाठवलाय," ती म्हणाली.

लडकूने तिच्याकडे आणि मग कपाकडे बघितलं. "कशापायी?"

"खळीपायी."

लडकू उलट्या पिंपावर बसला, हात पुन्हा एकदा पुसले आणि चहा प्यायला. सारं खातं बघत होतं. सुपरवायझरही बघत होता, आणि साहेबांना सगळं कळलेलं दिसतंय हे त्याच्या लक्षात येऊन तो दुसऱ्या दिवसापासून सरळ वागायला लागला. चिमाबाईने मात्र जाता जाता लडकूला बजावलं, की वर आभार मानायला जायचं नाही, साहेबांना ते आवडत नाही. खोटं बोलायचं तर ते नीट बोलावं, एवढं तिला कळत होतं.

ती एवढी धीट कशी झाली, याचं कारण जुनं होतं. ती लहान असताना वडील बाजाराला जायचे तेव्हा एका हॉटेलाबाहेरच्या कोनाड्यात त्यांच्यासारख्यांसाठी एक कान तुटलेला कप असायचा. तो आधी आपणच विसळायचा, चहा वरून ओतून घ्यायचा आणि पिऊन झाला की पुन्हा आपणच धुऊन ठेवायचा. छप्पन साली धर्म बदलला, त्या दिवसापासून वडिलांनी बाहेर चहा पिणं सोडलं ते मरेपर्यंत. माणसाच्या हातात कुठला कप येतो, त्याने त्या माणसाचं काय होतं, हे चिमाबाईला कुणी शिकवायची गरज नव्हती.

लडकूनंतर तिचा हात थांबला नाही. पण तिने तो सैलही सोडला नाही. वर्षाला दोन, फार तर तीन. मागणाऱ्याला नाही, नात्यातल्याला नाही, गोड बोलणाऱ्याला तर नाहीच. ओव्हरटाइम जास्त केला म्हणून नाही, त्याचा पगार मिळतो. ती आठवडा-आठवडा विचार करायची. बंडल बांधणाऱ्या गिरजाने नव्या बायकांना बोटं न कापता सुतळी कशी ओढायची ते स्वतःची जेवणाची सुट्टी मोडून शिकवलं, तेव्हा तिला कप गेला. पिऊन झाल्यावर गिरजा कप धुवायला नळाकडे निघाली, तर चिमाबाईने तो तिच्या हातातून ओढूनच घेतला. ट्रक भरणाऱ्या एका माणसाने पायाला लागलेल्या जोडीदाराचं काम महिनाभर स्वतः उपसलं आणि मस्टरवर कळू दिलं नाही, त्याला गेला. आठ वर्षांत असे एकोणीस कप गेले. प्रत्येक वेळी "साहेबांनी पाठवलाय" म्हणताना तिला धास्ती वाटायची आणि प्रत्येक वेळी समोरच्याचं तोंड बघून ती विरून जायची. कंत्राटदाराला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी तिला घरी बसवलं असतं.

दोन हजार एक साली कारखाना बंद झाला. माणसं पांगली. कुणी कल्याणला गेलं, कुणी मुरबाडच्या एमआयडीसीत, कुणी परत भाताच्या खाचरात. लडकू गावी जाऊन नाचणीवरीत रमला. चिमाबाई सापगावात नातवंडांत रमली, आणि कपाची गोष्ट आपल्याबरोबरच जाणार म्हणून निर्धास्त झाली.

दोन हजार आठच्या जानेवारीत अनिल तिच्या दारात आला. अनिल कारखान्यात टाइम ऑफिसला होता, आता शहापुरात मोबाइलचं दुकान चालवत होता. त्याच्या डोक्यात जुन्या लोकांचा मेळावा भरवायचं आलं आणि त्याने एकेकाचा नंबर काढून दीडशे माणसं जमवली. शहापुरातलं एक मंगल कार्यालय ठरलं होतं. चिमाबाईचं नाव मस्टरवर नव्हतं म्हणून तिच्याकडे तो स्वतः पत्रिका घेऊन आला. तिचा मुलगा प्रशांत घरात होता. तो हसत म्हणाला, की आईला चहा करायला बोलावताय का? अनिलने कान पकडले. चहाला केटरर आहे, म्हणाला, मावशींनी फक्त खुर्चीवर बसायचं.

मग त्याने खिशातून एक कागद काढला आणि मोठ्या उत्साहाने बेत सांगितला. पुण्याहून खास मोडकसाहेब येणार होते. ज्यांना ज्यांना कप मिळाला होता त्या सगळ्यांना स्टेजवर बोलावून साहेबांच्या हस्ते शाल द्यायची. यादी तयार होती, एकूण तेवीस. लडकूला निरोप लागायला आठ दिवस गेले, पण तोही येणार होता. आपण साहेबांना दोन शब्द विचारणार म्हणून तो आत्तापासून घरच्यांना सांगत सुटला होता.

चिमाबाईने मनात हिशेब केला. तेवीसातले चार साहेबांचे. उरलेल्या एकोणिसांना साहेब दीडशे माणसांसमोर काय म्हणणार? मी तर यांना कप दिलाच नव्हता. मग लडकूने पंधरा वर्षं गावभर सांगितलं ते काय होतं? गिरजाने मुलीच्या लग्नात व्याह्यांना सांगितलं होतं ते? एका बाईने मारलेली थाप. स्वतःची नाचक्की होईल याचं तिला एवढं वाटलं नाही. या वयात कोण काय वाकडं करणार? पण ती माणसं स्टेजवर शाल पांघरून उभी असतील आणि त्यांचा कप तिथल्या तिथे खोटा ठरेल, हे तिला सहन होईना.

अनिल गेल्यावर तिने सुनेला सगळं सांगितलं. पल्लवी अंगणवाडीत शिकवायची, डोक्याने थंड होती. तिने ऐकून घेतलं, आधी हसली आणि मग म्हणाली, "आई, तुमी लवकर जा. साहेब आले की बाजूला घेऊन सांगून टाका. एवढं झाकून घ्या म्हणावं." यापेक्षा वेगळा मार्ग चिमाबाईलाही सुचत नव्हता.

मेळाव्याच्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी कार्यालयात हजर होती. पल्लवीने तिला आबोली रंगाची नवी साडी नेसवली होती. मोडकसाहेब आले, पुढच्या रांगेत बसले. केस पांढरे झाले होते, कानात मशीन होतं. चिमाबाई वाकून त्यांच्या कानाशी लागली आणि हळूच म्हणाली, की साहेब, त्या कपाचं जरा बोलायचं होतं.

"चहा नको, आत्ताच झाला," साहेब मोठ्याने म्हणाले.

तिने आवाज थोडा चढवला. ते कप तुम्ही नव्हते दिले, असं ती म्हणाली. साहेबांनी मशीन चाचपलं आणि तिच्या तब्येतीची चौकशी केली. मागच्या रांगेतले चार जण वळून बघायला लागले. जे गुपित पंधरा वर्षं जपलं ते आता ओरडून सांगायची पाळी आली होती. एवढ्यात माइकवर अनिलचा आवाज घुमला आणि कुणीतरी साहेबांना हात धरून स्टेजवर नेलं. चिमाबाई मागे जाऊन गिरजाच्या शेजारी बसली.

पहिला बाळाराम. साहेबांनी त्याला ओळखलं, मशीनचं नाव घेतलं, मिठी मारली. पुढचे तिघेही साहेबांचेच, तेही सुखरूप पार पडले. मग चिमाबाईचे सुरू झाले. साहेब शाल द्यायचे आणि प्रत्येकाला विचारायचे, तुम्हाला कशाबद्दल मिळाला होता? माणूस माइकवर सांगायचा. साहेब मान डोलवायचे. चिमाबाईला वाटलं, आता निभावलं. ट्रकवाला झाला, गिरजा जाऊन आली. आणि लडकूचं नाव पुकारलं गेलं.

लडकू धुतलेल्या पांढऱ्या टोपीत आला होता. पहाटे निघून दोन एसट्या बदलून तो पोचला होता. साहेबांनी त्याच्या खांद्यावर शाल घातली. त्याने माइक दोन्ही हातांनी धरला.

"साहेब, मी घरी पोरांना, सुनांना सगळ्यांना सांगितलाय. पण एक मला अजून उमगला नाय. खळ खराब होती, ते मला आन् सुपरवायझरला ठाव होता. त्यो बोलला नसंल. मी बोललो नाय. मंग तुमाला कळला कसा?"

साहेबांनी हे मात्र नीट ऐकलं होतं, कारण माइकचा कर्णा त्यांच्या डोक्यावरच होता. चिमाबाईने डोळे मिटले.

"मला कळलं नव्हतं, लडकू," साहेब म्हणाले. "तुम्हाला कप मी पाठवला नव्हता."

मग त्यांनी सावकाश, शब्द जुळवत सगळं सांगितलं. त्यांनी चारच कप दिले होते. पुढे एकदा गिरजा केबिनच्या दारात येऊन कपाबद्दल हात जोडून गेली. त्यांना तिचं नावही माहीत नव्हतं. मी नाही पाठवला असं म्हणायची लाज वाटली, म्हणून ते शाबास म्हणाले आणि मग खाली जाऊन ही बाई करते काय ते बघितलं. तेव्हापासून ते कान देऊन असायचे. अमक्याला कप मिळाला असं कानावर आलं की मुद्दाम त्याचं काम बघायला उतरायचे, आणि दर वेळी माणूस खणखणीत निघायचा. तीन जणांना त्यांनी त्यावरूनच परमनंट केलं होतं. कप केबिनचे होते आणि त्यांना हात लावणारं माणूस एकच होतं, तेव्हा ते कोण पाठवतं हे ओळखायला फार हुशारी लागत नव्हती.

"ज्या बाईच्या नजरेवर मी कारखाना चालवला," साहेब म्हणाले, "तिचं नाव माझ्या मस्टरवर नव्हतं. ते मला तेव्हाही माहीत होतं आणि मी काही केलं नाही. आज बोलायला हवं म्हणून बोललो."

दीडशे माना मागे वळल्या. चिमाबाईला उठून जावंसं वाटलं, पण गिरजाने तिचा दंड घट्ट धरला होता. तो रागाने धरलाय की मायेने, हेही तिला कळेना. तिचं सारं लक्ष लडकूवर होतं. तो शाल पांघरून स्टेजवर उभा होता, पंधरा वर्षांपूर्वी उभा होता तसाच, खाली बघत. तिला वाटलं, त्या दिवशी सुपरवायझरने केलं नाही तेवढं वाईट आज आपल्यामुळे झालं.

लडकूने मान वर केली. "साहेब, इचारू का? तुमी खळीच्या टाकीवर कितींदा आला असाल?"

साहेबांनी खरं तेच सांगितलं, की दोनदा, फार तर तीनदा.

"ही बाय रोज दोनदा यायची," लडकू म्हणाला. "जिनं बघितला तिनंच दिला. मंग माझा कप खराच हाय की."

आणि त्याने माइक अनिलच्या हातात देऊन टाकला, कारण त्याची दहा वाक्यं संपत आली होती.

टाळ्या वाजल्या तेव्हा चिमाबाई रडत होती आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती. पंधरा वर्षं छातीवर ठेवलेलं ओझं उतरलं होतं आणि कुणाचंही काही मोडलं नव्हतं. गिरजा तिच्या दंडावरचा हात न काढता म्हणाली, की मेले, मला तरी सांगायचं. पुढे शाली राहिल्या बाजूला आणि लोक तिच्याभोवती गोळा झाले. कुणाला काय बघून कप दिला ते ज्याला त्याला तिच्या तोंडून ऐकायचं होतं. तिला एकोणीसच्या एकोणीस गोष्टी पाठ होत्या, वारासकट. माणसं लहान पोरांसारखी ऐकत होती. ज्यांना कप मिळालाच नव्हता तेही ऐकत होते आणि काही जण मनातल्या मनात हिशेब घालत होते, की आपलं कुठे कमी पडलं.

जेवणं सुरू झाली. चिमाबाई कोपऱ्यातल्या टेबलाशी पल्लवीसाठी जिलबी कागदात बांधत होती. तेव्हा बाळाराम ताट घेऊन आला आणि नुसताच उभा राहिला. सकाळी सगळ्यांत आधी शाल घेणारा माणूस, पण आता त्याचा चेहरा उतरला होता. इकडचं तिकडचं बोलून तो शेवटी मुद्द्यावर आला.

"चिमाबाई, एकोणीस जणांना दिलात. माझं काम काय वाईट होतं का गो?"

"तुला पहिलाच मिळाला होता की. साहेबांनी दिला."

"त्यांनी दिला," बाळाराम म्हणाला. "तुमी नाय दिला."

चिमाबाईने जिलबीचं पुडकं खाली ठेवलं. त्याला बरं वाटावं म्हणून काहीतरी गोड बोलणं सोपं होतं. पण या कामात ती आजवर खोटं बोलली ती फक्त साहेबांच्या नावापुरती, कामाच्या बाबतीत कधीच नाही.

"एकदा काढला होता तुझ्यासाठी," ती म्हणाली. "शहाण्णव साली, तू बॉयलरचा पंप दुरुस्त केलास तेव्हा. भरून ट्रेमध्ये ठेवला, जिना उतरले. तर तू झाडलोटवाल्या रंगूला सगळ्यांदेखत बोलत होतास. पाना हरवला म्हणून. पाना तुझ्याच पिशवीत निघाला. तरी चुकलं असं तू तिला म्हणाला नाहीस. मी कप परत नेला."

बाळारामला तो पाना आठवला असावा, कारण त्याचे कान लाल झाले. त्याने विचारलं, रंगू आज आली आहे का? चिमाबाईने हाताने दाखवलं. पलीकडच्या पंगतीत रंगू नातीला भात भरवत बसली होती. बाळारामने ताट तिथेच ठेवलं आणि तो तिच्याकडे गेला.